इराप्पाची लांब पट्टी

मॉरिस टेन, सेहेचाळीस सालची.
कॅम्पात डिमेलो कंपाउंडरच्या पडवीत
अकरा वर्षं विटांवर उभी होती,
मागच्या सीटवर मांजरीची तिसरी पिढी.
विम्याच्या ऑफिसातून मी सुटले, फंड हातात आला.
जाऊ म्हणाली, पाटल्या कर.
मी दोर बांधून गाडी ओढून आणली.
जाऊ दारातच उभी:
"आता हे काय करूलालीस गे?"

पाने बसेनात.
मिलिमीटरचा सैल, इंचाचा आत शिरेना.
शनिवार खुटाच्या भंगारवाल्याकडं
लष्करी लिलावातला एक गंजका संच मिळाला
तेव्हा बोल्ट हलले, आणि निघाले तेव्हा कळलं:
डोकं इंग्रजी मापाचं,
आटे फ्रेंच.
कुणाचा कारखाना कुणी घेतला, यंत्रं तशीच राहिली,
कुणी बदलायच्या भानगडीत पडलं नाही.
लेथवरचा दस्तगीर बोल्ट उजेडात धरून
बराच वेळ फिरवत होता.
"म्हणजे आपल्यातलीच म्हणा की," म्हणाला.

मग मॅनिफोल्ड. तडा आरपार.
तसला मिळतो इंग्लंडात, माझ्या पेन्शनीत नाही.
म्हणून इराप्पा बडिगेर,
उद्यमबागेत चाळीस वर्षं लाकडाचे साचे केलेला,
आता मोतीबिंदू झालेला.
तो कानडीत मोजायचा, मी मराठीत लिहून घ्यायची.
एकदा ऐवत्तूचं मी अरवत्तू ऐकलं,
सागवानाचा अख्खा ठोकळा वाया.
त्याचे त्यानं पाटाला पाय केले.

त्याच्या पट्टीवरचा फूट
माझ्या फुटापेक्षा मोठा होता.
शेजारी शेजारी लावून पाहिलं:
तीन मिलिमीटर, थोडे जास्तच.
"खोटी आहे की ओ ही."
"खोटी नव्हं. लोखंड निवताना आकसतं.
किती आकसणार, तेवढं आधीच सोडून ठेवायचं."
आणि परत रंधा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
बत्तीस वर्षं अचूक मापानं वागले,
माणसांशीही,
आणि निवल्यावर सगळं
थोडं थोडं तोकडं पडलं.

शुक्रवारी शेवटच्या लाडलचं लोखंड,
पंपांच्या कव्हरांच्या रांगेत एक साचा माझा.
शनिवारी वाळू फोडली.
बसला मॅनिफोल्ड.
एका कडेला कानस मारावी लागली,
ते दस्तगीरनं मोठ्यानं सांगितलं
तेव्हा इराप्पा तंबाखू मळत होता, ऐकू आलं नाही म्हणे.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा,
नाहीतर उलटा फटका मनगट मोडतो.
आधी पेट्रोलपंपाची टकटक ऐकायची,
ती मंदावते, थांबते,
मग फिरवायचं.
पहिल्यांदा खोकली.
दुसऱ्यांदा काहीच नाही.
तिसऱ्यांदा बॉनेटखालून मांजर पळालं
आणि इंजिन लागलं,
आणि जाऊ ओट्यावरून म्हणाली, धूर किती गे,
पण आत गेली नाही.

वळायचं दाखवायला हिला बाजूच्या खांबांत दोन हात आहेत.
डावा उठतो, नारिंगी,
उत्तर येणाऱ्या पोरासारखा.
उजवा अजून उठत नाही. सोलेनॉइड जळलाय,
दस्तगीर म्हणतो, नोडूण.
तोवर उजवीकडं मीच काच उतरवून
आपला हात बाहेर काढते.

काल तिसऱ्या गेटाकडून येताना
गोवावेसला हात काढला.
समोरून उसाचा ट्रॅक्टर.
वर बसलेल्या पोराला वाटलं, त्यालाच करतेय.
त्यानं केला.
मग मागच्या ट्रॉलीत मोळ्यांवर बसलेल्या दोन बायकांनीही,
एकीच्या हातात कोयता होता, तो तसाच वर.
त्यांना उत्तर देता देता
माझं वळण मागं राहिलं.